फुकटचा प्रोग्रॅम आणि आमचा कुम

घरच्या कॉम्प्युटरवर ई-मेलसाठी कुठला प्रोग्रॅम घालावा, हा प्रश्न शहाण्या माणसाने कुणाला विचारू नये. निदान इमारतीच्या जिन्यात तरी विचारू नये. मी तो जिन्यात, टपालपेट्यांसमोर उभं राहून, चांगल्या खणखणीत आवाजात विचारला. त्यापायी आमचा कुम आम्हाला कायमचा अंतरतो की काय, अशी वेळ आली.

कुम म्हणजे कोण ते आधी सांगतो, नाहीतर माझी पुढची धावपळ तुम्हाला वेडेपणाची वाटेल. लग्नात नवऱ्याशेजारी साक्षीला उभा राहतो तो कुम. मुलांच्या बाप्तिस्म्याला त्यांना हातात धरतो, त्यांचं नाव ठेवतो, तो कुम. सख्ख्या भावाशी बिनसलं तर लोक म्हणतात, चालायचंच. कुमशी बिनसलं तर लोक आवाज खाली आणून बोलायला लागतात. आमचा कुम स्तानोये शाबाट्स गावी असतो. आमच्या लग्नात तो उभा होता, आमच्या लेकीचं, दुन्याचं, नाव त्याने ठेवलं, आणि आमच्या कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्रॅमही त्यानेच घातला होता. दरवर्षी आमच्या स्लावाला, म्हणजे आमच्या घराण्याचा पाठीराखा संत लुका ह्याच्या दिवशी, तो न चुकता यायचा, पोटभर जेवायचा, कॉफी झाली की चष्मा पुसून कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि म्हणायचा, "बघू, वर्षभरात काय घाण करून ठेवलीस." माझी बायको देसांका म्हणते की ह्या वाक्याशिवाय स्लावा पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

यंदा ऑक्टोबर उजाडला आणि तो प्रोग्रॅम वारला. बनवणाऱ्यांनी त्याच्यावरचा हात काढून घेतला होता. पत्रं येईनात, गेलेली पोचेनात. मी कुमला फोन केला.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "लुकाच्या दिवशी मी असणारच आहे. तेव्हा बघतो."

एवढं साधं होतं. थोडी कळ काढायची होती. दुन्या ग्राट्सहून फोनवर म्हणाली, "बाबा, ब्राउझरमध्ये उघड ना सरळ. काही घालावं लागत नाही." पण ते मला पटत नाही. आपली पत्रं परक्याच्या घरात ठेवायची आणि वाचायला रोज त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, हा कसला संसार? मी सगळी नोकरी भूमापन कचेरीत केली. कुणाची हद्द कुठवर, हे मला कळतं. माझी पत्रं माझ्या टेबलावर, माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात हवीत. वीज गेली तर ती माझ्याबरोबर अंधारात बसली पाहिजेत. आणि हे सगळं फुकटात हवं. ह्या तत्त्वांपासून मी हललो नाही, इतकं माझ्या बाजूने नोंदवून ठेवा.

तर जिन्यात मी प्रश्न विचारला. समोरच्या दारात राहणारा गवरिलो तिथे होता. तो लष्करात बिनतारी खात्यात सुभेदार होता आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या इमारतीचं रक्षण करतो.

"काय शेजारी, कुमची वाट बघताय?" तो म्हणाला. "पत्र उघडायला? उद्या बुटाची नाडी बांधायलाही शाबाट्सहून माणूस बोलवाल."

हे मला लागलं. अजूनही लागतं.

दुसऱ्या मजल्यावरची विदा, जिने औषधाच्या दुकानात अख्खं गाव खोकताना पाहिलंय, ती पेटीतून बिल काढता काढता म्हणाली, "मला भाच्याने खारीच्या चित्राचा दिलाय. इतका गोड आहे. पत्र आलं की खार शेपटी हलवते."

"खार," गवरिलो म्हणाला. "त्यात कुलूप आहे का? माझा निळ्या पाकिटाचा आहे. पत्राला कुलूप लागतं. समोरच्याकडे किल्ली नसली तर त्याला उघडतच नाही."

"मग तुम्हाला पत्र लिहितं कोण?" विदाने विचारलं.

"कुणीच नाही. म्हणजे बघा किती भक्कम आहे."

मी निळं पाकीट घेतलं. गवरिलो स्वतः येऊन बसला आणि पहिला हुकूम त्याने सोडला तो असा, की जुना प्रोग्रॅम आधी काढून टाका, एका छावणीत दोन सेनापती नकोत. मी काढला. कुमने घातलेला, कुमने दरवर्षी झाडूनपुसून ठेवलेला तो प्रोग्रॅम कॉफी निवायच्या आत गेला. मग आम्ही किल्ली बनवली, कुलूप लावलं आणि दुन्याला दोन ओळी लिहिल्या. तिला पोचली ती पानभर विचित्र अक्षरं. बापाला अर्धांगाचा झटका आला असं समजून तिने आईला फोन केला. देसांका स्वयंपाकघरातून धावत आली आणि खात्री करायला मला हात वर करून हसायला सांगू लागली. गवरिलोसमोर हात वर करून मी हसलो.

संध्याकाळी मी निळं पाकीट काढलं आणि खार बसवली. खार गोड होती यात शंका नाही. पण तिला पासवर्ड हवा होता, आणि येणारी पत्रं कुठून येतात, जाणारी कुठल्या दारातून जातात, त्या दाराचा आकडा काय, हेही हवं होतं. हे सगळं कुमच्या डोक्यात होतं. आता कुठल्या तोंडाने विचारणार? मी इंटरनेटवाल्यांच्या कचेरीत गेलो. नाव घेत नाही, कारण आमचं कनेक्शन अजून त्यांच्याचकडे आहे.

"खातं कुणाच्या नावावर?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"पेर्सिदा. माझ्या सासूबाई. पूर्वी फोन त्यांच्या नावावर होता."

"मग त्यांनी स्वतः यावं. ओळखपत्र घेऊन."

"त्यांना जिना उतरवत नाही हो."

"मग अधिकारपत्र. शिक्क्यासकट."

हेच वाक्य, ह्याच सुरात, मी खिडकीच्या आतून अर्ध्या गावाला ऐकवलंय. बाहेरून ते कसं ऐकू येतं हे मला ठाऊक नव्हतं. शिक्का मिळायला आठवडा लागणार असं कळल्यावर मी आणि गवरिलोने सासूबाईंना खुर्चीत बसवून चार मजले खाली आणलं. वाटेत प्रत्येक मजल्यावर त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं की आपल्याला कुठे नेतायत हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

"ह्या माणसाला तुमचा पासवर्ड द्यायला तुमची संमती आहे का?" खिडकीतल्या बाईंनी त्यांना विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "हा काय करणार आहे त्याच्यावर आहे," त्या म्हणाल्या. रांगेतले लोक हसले. अखेर त्यांनी संमती दिली आणि मला पासवर्ड मिळाला. दाराचे आकडे मात्र त्या खिडकीत मिळत नव्हते. ते जिथे मिळतात ती खिडकी दुसऱ्या गावात होती.

म्हणून मी कुमला फोन केला. आवाज अगदी सहज ठेवला.

"कुम, तो जाणाऱ्या पत्रांचा आकडा काय रे?"

"का?"

"असंच."

"तू काढलास तो," तो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

"अरे, गवरिलो म्हणाला की..."

"गवरिलो म्हणाला." मग त्याने आकडे सांगितले, सावकाश, मला लिहून घेता यावेत असे. आणि म्हणाला, "झालं ना तुझं काम? मग आता माझं तिकडे काय काम?" फोन ठेवला.

देसांका स्लावासाठी अक्रोड फोडत बसली होती. मी सांगितलं तशी तिने अडकित्ता खाली ठेवला.

"तो येणार नाही, तिहोमिर."

"येईल."

"मग विचार त्याला."

"काय विचारू?"

तिने पुन्हा अडकित्ता उचलला, कारण तिलाही माहीत होतं. आमच्याकडे स्लावाला कुणाला बोलवत नाहीत. एकदा ज्याला घरचा मानला तो आपण होऊन येतो, दरवर्षी. त्याला निमंत्रण देणं म्हणजे तू आता परका झालास, तुला सांगावं लागतं, असं तोंडावर म्हणणं. 'येतोस ना' एवढं विचारलं तरी ते निमंत्रणच. मी कुमला न विचारता नाराज केलं होतं आणि बोलावून राजी करता येत नव्हतं. आता फक्त वाट बघायची होती, आणि वाट बघणं मला जमत नाही हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलंच असेल.

त्या अस्वस्थपणात मी खारीपुढे बसलो. आकडे बरोबर होते. पत्रं भराभरा उतरायला लागली, खार शेपटी हलवायला लागली, आणि मला क्षणभर वाटलं की देव आहे. मग तिने विचारलं: जुनी दिनदर्शिकाही आणू? आण बाई, मी म्हटलं. मग तिने आणखी काहीतरी विचारलं, अशा भाषेत की जी आमची होती पण आमच्यापैकी कुणी बोलत नाही. 'सहभागी व्यक्ती अवगत व्हाव्यात काय?' मला वाटलं, पत्ते पण आणू का असं विचारतेय. मी हो म्हटलं. खारीची शेपटी इतक्या जोरात हलायला लागली की मी देसांकाला बघायला बोलावलं.

आता त्या दिनदर्शिकेत काय होतं? फक्त स्लावा होती. ताटं किती लागतील ते कळावं म्हणून देसांकाने त्या दिवसाखाली सगळ्या नेहमीच्या पाहुण्यांची नावं घातली होती. शेवटची वेळ घातल्याशिवाय जुना प्रोग्रॅम पुढे जात नव्हता, म्हणून तिने एक ते चार असं काहीतरी टाकून दिलं होतं. इतकी वर्षं ते तिथे गुपचूप पडून होतं.

बेल वाजली. दारात गवरिलो, हातात फोन.

"शेजारी, समोरच्या दारात राहतो मी," तो म्हणाला. "मला निमंत्रण?"

त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. 'तिहोमिर आपणांस निमंत्रित करीत आहे. स्लावा. एक ते चार.' खाली तीन बटणं: येणार, नाही येणार, कदाचित.

"आणि चारला संपणार? म्हणजे सूप पळत पळत प्यायचं का आम्ही?"

मी कॉम्प्युटरकडे धावलो. उत्तरं यायला लागली होती. विदाने 'कदाचित' दाबलं होतं, ती मनाला लागलं की नेहमी कदाचित म्हणते. आमचे पाद्री, फादर इसिदोर, ह्यांनी 'येणार' दाबलं होतं. आणि मग खारीने शेपटी हलवली आणि एक ओळ आली.

स्तानोये: नाही येणार.

मी कॉम्प्युटरचा पडदा बंद केला आणि देसांकाला सांगितलं की सगळं ठीक आहे, पत्रं येतायत.

ह्यापुढे मी जे केलं ते घाबरलेल्या माणसाने केलं असं समजा. मला वाटलं, मूळ नोंदच पुसून टाकली तर निमंत्रण कधी गेलंच नव्हतं असं होईल. मी ती पुसली. खारीने पुन्हा विचारलं, अवगत व्हाव्यात काय. मी 'नाही' दाबलं, अगदी जपून दाबलं. तिथे 'नाही' म्हणजे 'नाही, नोंद ठेवू नको, आणि सगळ्यांना तसं सांग' असं होतं, हे नंतर विदाच्या भाच्याने समजावलं.

'रद्द: स्लावा.'

आमच्याकडे स्लावा आपण होऊन कुणी रद्द करत नाही. घरात कुणी गेलं तरच ती मागे पडते. तासाभरात बेल वाजली आणि दार उघडलं सासूबाईंनी, कारण त्या दारापाशीच बसलेल्या असतात. बाहेर विदा काळी शाल पांघरून, हातात कॉफीचं पुडकं आणि साखर, आमच्याकडे सांत्वनाला नेतात तशी. मागे गवरिलो, टोपी काढून.

"कोण गेलं?" सासूबाईंनी विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "आम्हाला वाटलं, तुम्ही," विदा म्हणाली.

"अजून नाही," सासूबाई म्हणाल्या. "कॉफी आणलीच आहे तर ठेवा आत."

दिवसभर माणसं येत राहिली आणि सासूबाई प्रत्येकाला आपण जिवंत असल्याचं सांगून कॉफी ठेवून घेत राहिल्या. ज्यांचे फोन आले त्यांना मी समजावत होतो की कुणी गेलेलं नाही, स्लावा आहे, म्हणजे या असं मी म्हणत नाही, पण आहे. फक्त शाबाट्सहून फोन आला नाही. घरात मरण झालं असं कळूनही कुमने फोन केला नाही. आता देसांकाला सांगणं भाग होतं. मी सगळं सांगितलं, त्याचं 'नाही येणार' सुद्धा.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दुन्याला त्याने पाण्यातून काढून हातात धरलं तेव्हा ती रडायची थांबली होती. आठवतं तुला?" मला आठवत होतं. "त्याची खुर्ची मी मांडणार," ती म्हणाली, आणि कोबीची पानं मोजायला गेली.

संत लुकाच्या दिवशी टेबलावर मेणबत्ती लागली, साखरेत घोटलेला गहू ठेवला, मधोमध स्लावाचा गोल पाव. फादर इसिदोर एकच्या ठोक्याला हजर झाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नक्की वेळ दिली," ते मला म्हणाले. "फार सोय झाली. सगळ्यांना सांगणार आहे." पाव फिरवला, कापला, त्यावर वाइन ओतली. पाहुणे आले, नाही असं नाही. पण आले ते परक्यासारखे, अंगावर कोट ठेवून बसले. देसांकाने केलेला सारमा, कोबीच्या पानातला तो खिमा, ज्यासाठी गवरिलो एरवी तिसऱ्यांदा ताट पुढे करतो, तो त्याने एकदाच घेतला आणि घड्याळाकडे बघितलं. सगळेच बघत होते. आणि टेबलाच्या डोक्याशी, माझ्या उजव्या हाताला, एक ताट पालथं होतं.

स्लावाला यजमान बसत नाही, उभं राहून वाढतो. मी उभा होतो आणि खिडकीतून रस्ता दिसत होता. एक लाल गाडी आली, ती पुढे गेली. एक पांढरी आली, त्यातून कुणीतरी उतरलं, ते बेकरीत शिरलं. देसांका माझ्याकडे बघत नव्हती आणि मी तिच्याकडे. मी राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, ओतत होतो ती ग्लासाबाहेर गेली हे विदाने सांगितल्यावर कळलं.

चार वाजले. गवरिलो उठला, कोटाची बटणं लावली.

"चला," तो म्हणाला. "आम्हाला वेळ दिलेली आहे. आम्ही वेळ पाळणारी माणसं."

त्याच्या मागोमाग सगळे उठले. खुर्च्या सरकल्याचा तो आवाज मी विसरणार नाही. स्लावा आमच्या घरात रात्रीपर्यंत चालते, माझ्या वडिलांच्या वेळी दुसऱ्या दिवशीपर्यंत चालायची, आणि इथे भर उजेडात अख्खी इमारत टोप्या घालून माझ्या दारात उभी होती. 

तेवढ्यात बेल वाजली.

सासूबाईंनी दार उघडलं. बाहेर स्तानोये. एका हातात वाइन, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला चीजचा गोळा, जो तो दरवर्षी आणतो. टोप्या घातलेल्या त्या सगळ्या लोकांकडे त्याने एकदा बघितलं.

"शुभ स्लावा, कुम," तो म्हणाला.

"तू तर नाही येणार म्हणून कळवलं होतंस," मी म्हणालो. इतक्या दिवसांच्या काळजीनंतर माझ्या तोंडून हेच निघालं.

"निमंत्रण होतं एक ते चार. ते मी नाकारलं. निमंत्रणावर मी कधी तुझ्या घरी आलोय?" त्याने चीज देसांकाच्या हातात दिलं. "आता चार वाजून गेले. निमंत्रण संपलं. आता मी आलोय."

देसांका रडायला लागली आणि चीज छातीशी धरून तशीच उभी राहिली.

"आणि स्लावा रद्द झाल्याचं कळल्यावर तरी एक फोन करायचास," मी म्हणालो.

"रद्द? मला कुठे कळलं? एकदा नाही म्हटलं की असले प्रोग्रॅम त्या माणसाला पुढचं काही कळवत नाहीत." तो खुर्ची ओढून बसला आणि ताट सुलटं केलं. "साडेतीनपासून मागच्या अंगणात गाडीत बसलोय. पाय आखडले."

"मी बघितलं होतं माझ्या खोलीतून," सासूबाई म्हणाल्या. "मला कुणी विचारलंच नाही."

गवरिलो दारात उभा होता. त्याने कोटाचं वरचं बटण काढलं, मग खालचं. मग कोट काढून खुंटीला लावला आणि देसांकाला विचारलं की सारमा अजून उरलाय का. त्याच्या मागे सगळे परत आत आले. जागा पुरेनात, विदा स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आली. फादर इसिदोरांना चारनंतर दुसऱ्या घरी जायचं होतं, ते गेले नाहीत.

अंधार पडल्यावर, कॉफी झाली, आणि कॉफी आमच्याकडे त्या दिवशी भरपूर होती, तेव्हा कुमने चष्मा पुसला. तो कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला, खारीकडे पाहिलं, खारीने शेपटी हलवली.

"बघू," तो म्हणाला, "वर्षभरात काय घाण करून ठेवलीस."

हल्ली मी कुमने घातलेल्या प्रोग्रॅमवरून पत्रं लिहितो. फुकटचा आहे, साधा आहे, त्याचं नाव मी विचारलेलं नाही. एवढंच विचारलं की त्यात दिनदर्शिका आहे का. नाही म्हणाला.